देव गेला तरी देऊळ चालू

‘देऊळ’ हा सिनेमा नोव्हेंबर २०११ मध्ये आला तेव्हा मी आठवीत होतो. दिग्दर्शन उमेश कुलकर्णीचं, लेखन गिरीश कुलकर्णीचं. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (‘ब्यारी’ या सिनेमासोबत विभागून), आणि गिरीश कुलकर्णीला अभिनयाचा आणि संवादांचा. तेव्हापासून हा सिनेमा मराठी घरांत एका ठरलेल्या अर्थासकट फिरतो आहे. गावाला हॉस्पिटल हवं होतं, गावानं देऊळ बांधलं आणि देवळाचा बाजार झाला. शाळेच्या निबंधात बसेल इतका सरळ अर्थ.

माझ्या मित्रांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक वाद पेटतो. माणसाच्या डोक्यातून देव कधी जाईल का? एआय येतंय, जीन्स कापून जोडता येतायत, मंगळावर गाडी फिरतेय, मग आणखी शंभर वर्षांनी कोणी नवस बोलेल का? या वादात कोणीतरी ‘देऊळ’मधली क्लिप टाकतंच. गंमत अशी की नास्तिक आणि आस्तिक दोघंही हाच सिनेमा पुरावा म्हणून देतात. नास्तिक म्हणतो, बघ, देव म्हणजे धंदा. आस्तिक म्हणतो, बघ, केश्याची श्रद्धा किती निर्मळ होती, ती तुम्ही लोकांनी नासवली.

मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर सिनेमात आहे, पण ते या दोघांच्याही सोयीचं नाही. ते सांगायचं तर गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागेल. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, मी इथेच आहे.

मंगरूळ नावाचं गाव. केश्या हा गुरं राखणारा पोरगा, भाऊ गलांडेंच्या पदरी. करडी नावाची गाय हरवते, तिला शोधता शोधता उन्हात दमलेला केश्या एका औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतो. तो बोंबलत गावात येतो. शिकलेले, समजूतदार अण्णा कुलकर्णी (दिलीप प्रभावळकर) त्याला सांगतात की हे तुझ्यापाशीच ठेव. पण गोष्ट पत्रकाराच्या हाती लागते, पोरांच्या हाती लागते, मग पुढाऱ्यांच्या हाती लागते. भाऊ (नाना पाटेकर) आणि अण्णा गावात हॉस्पिटल यावं म्हणून धडपडत असतात. ते मागे पडतं आणि देऊळ उभं राहतं. दुकानं येतात, गाड्या येतात, पैसा येतो. अण्णा बाजूला पडतात. भाऊंसारखा माणूस हिशेब करून देवळाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शेवटी केश्या, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तोच केश्या, मूर्ती उचलून पळून जातो आणि नदीत सोडतो. देवळाचं काय होतं? काही होत नाही. नवी मूर्ती येते. देऊळ चालू राहतं.

या शेवटाकडे आपण फार कमी बघतो. त्याआधी हॉस्पिटलचा मुद्दा बघू, कारण नास्तिक मित्राचा सगळा युक्तिवाद तिथे उभा आहे.

हॉस्पिटल आलं की देऊळ ओस पडेल, ही कल्पना मंगरूळची नाही. समाजशास्त्रात ती दीडशे वर्षं नांदते आहे. शिक्षण, विज्ञान, शहरं, पगार, विमा हे सगळं वाढलं की धर्म आपोआप आक्रसत जाणार, असं मानणारे मोठमोठे लोक होऊन गेले. पीटर बर्गर हे त्यांतलं ठळक नाव. १९६८ साली त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं होतं की एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसं फक्त छोट्या छोट्या पंथांत, एकमेकांना धरून बसलेली सापडतील. १९९९ साली त्यांनीच संपादित केलेल्या पुस्तकाचा विषय बरोबर उलटा होता: जग पुन्हा धार्मिक होत चाललंय.

२००४ मध्ये पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी या कल्पनेला जास्त नेमकं रूप दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस धार्मिक असतो तो अज्ञानामुळे नाही, असुरक्षिततेमुळे. उद्या मूल जगेल का, पाऊस पडेल का, म्हातारपणी कोण बघेल, ही धास्ती जिथे रोजची आहे तिथे देव लागतो. ती कमी झाली की देवाची गरजही कमी होत जाते. म्हणजे नास्तिकांच्या सभांपेक्षा सरकारी दवाखाना आणि पेन्शन हे देवाचे मोठे स्पर्धक. ‘देऊळ’ बघताना आपण नकळत हेच मानत असतो.

या सिद्धांतात दम आहे. इंगलहार्ट यांनी नंतर २००७ ते २०१९ या काळातली आकडेवारी मांडली, तेव्हा ४९ पैकी ४३ देश आधीपेक्षा कमी धार्मिक झालेले दिसले. अमेरिकेसारखा देशही त्यात होता, जिथे धर्म कधी हलणार नाही असं सगळे धरून चालले होते. तेव्हा ‘श्रद्धा माणसाच्या रक्तातच आहे, ती कधी जाणारच नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मित्रानं हा आकडा जरा बघावा. जाते आहे. एकाच पिढीत जाते आहे.

पण या यादीतला ठळक अपवाद कोणता? भारत. आणि याच काळात भारतात मोबाइल आले, रस्ते झाले, हातात पैसा आला. मंगरूळसारख्या गावांत दवाखानेही आले. म्हणजे हॉस्पिटल विरुद्ध देऊळ हा हिशेब आपल्याकडे तरी जुळत नाही. का जुळत नाही, याची दोन कारणं मला दिसतात आणि दोन्ही या सिनेमाशी जोडलेली आहेत.

पहिलं कारण साधं आहे. देऊळ फक्त धास्तीचं काम करत नाही. काही वर्षांपूर्वी माझी आजी तालुक्याच्या ठिकाणी एका हॉस्पिटलात नऊ दिवस आयसीयूत होती. डॉक्टर चांगले होते, यंत्रं चालू होती, बिलही आम्हाला झेपणारं होतं. तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी, काचेच्या पेटीत गणपती होता. माझे वडील उपास करत नाहीत, वारही पाळत नाहीत. पण रोज सकाळी त्या पेटीपाशी जाऊन दहा मिनिटं उभे राहायचे. मी विचारलं, तर म्हणाले, “डॉक्टर त्यांचं करतायत. मी नुसता बसून काय करू?” आजी बरी होऊन घरी आली. वडिलांनी त्याचं श्रेय डॉक्टरांनाच दिलं, पेढे मात्र दोन्हीकडे ठेवले.

त्या दहा मिनिटांत वडील उपचार मागत नव्हते. उपचार वर चालूच होते. ज्या वेळी हाताला काहीच काम नसतं तेव्हा काहीतरी करायची जागा त्यांना हवी होती. उत्तम हॉस्पिटलही ही जागा देत नाही, त्यांच्याकडे असते ती प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग.

आणि हॉस्पिटल विरुद्ध देऊळ ही लढत मुळात इतकी सरळ आहे का? शिर्डीत साईबाबा संस्थान स्वतः दोन रुग्णालयं चालवतं. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराचा न्यास रुग्णांना उपचारांसाठी मदत देतो. सिनेमातलं मंगरूळ हुशार असतं तर देवळाच्या पैशातून हॉस्पिटल बांधलं असतं आणि भाऊंनी दोन्हीकडे फीत कापली असती. ‘देऊळ’ ही शक्यता बाजूला ठेवतो, कारण ती आली तर आपला राग कुठे काढायचा हा प्रश्न पडेल. मला ही सिनेमाची पहिली उणीव वाटते. त्यानं दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या केल्या आणि प्रेक्षकाला बाजू निवडणं फार सोपं करून दिलं.

कामात आम्हाला एक गोष्ट पहिल्या वर्षातच शिकवतात. जुनी सर्व्हिस बंद करायची असेल तर ती किती जुनाट आहे हे बघायचं नसतं, तिला कोण कोण कॉल करतंय हे बघायचं असतं. ती यादी न काढता बंद केली तर भलत्याच ठिकाणी काहीतरी पडतं. डॉ. श्रीराम लागूंनी ‘परमेश्वराला रिटायर करा’ असं म्हटलं त्याला कितीतरी वर्षं झाली. मला ती मागणी धाडसी वाटते आणि तिच्यामागचं दुःखही कळतं: देवाच्या नावानं माणसं माणसांचं काय करतात हे पाहून आलेलं ते दुःख होतं. पण रिटायर होणाऱ्याची कामं कोणाकडे द्यायची याची यादी लागेल. जन्म, लग्न, मरण, पेरणी, परीक्षा, वाट बघणं, एकत्र जमणं, घराबाहेर पडायला सबब मिळणं. देऊळ झाल्यावर गावातली रिकामी पोरं कामाला लागतात, बायकांना संध्याकाळी भेटायला जागा मिळते, गावाचं नाव पेपरात येतं. यातल्या कोणत्याच गोष्टीचा दत्त दिसण्याशी संबंध नाही.

ही कामं दुसऱ्या कोणाला न देता सेवक काढून टाकला तर काय होतं, याचा प्रयोग झालेला आहे. सोव्हिएत संघात १९२५ पासून निरीश्वरवाद्यांची एक प्रचंड संघटना सरकारच्या आशीर्वादानं काम करत होती. चर्च पाडली गेली, पाद्री तुरुंगात गेले, मारले गेले. अशा सगळ्या मोहिमेनंतर, जानेवारी १९३७ मध्ये जनगणना झाली. त्यात धर्माचा प्रश्न होता: तुम्ही श्रद्धावान आहात का? घरी आलेल्या सरकारी माणसाला ‘हो’ म्हणणं त्या साली किती धोक्याचं होतं याची कल्पना करा. तरी सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी ‘हो’ सांगितलं, साडेपाच कोटींहून जास्त माणसांनी. त्या जनगणनेत एकूण लोकसंख्याही अपेक्षेपेक्षा खूप कमी भरली होती. सरकारनं ती सगळी जनगणनाच दाबून टाकली आणि ती करणारे अधिकारी पकडले, काहींना गोळ्या घातल्या.

मोजणाऱ्याला मारलं, पण आकडा तसाच राहिला. हे उदाहरण आस्तिक मित्राला फार आवडतं. तो म्हणतो, बघ, देऊळ पाडलं तरी देव राहतो. बरोबर आहे. पण मंगरूळमध्ये घडतं ते याच्या उलटं, आणि आपल्या काळाचं चित्र मंगरूळ आहे.

मी मघाशी म्हटलेलं दुसरं कारण इथे येतं. ‘देऊळ’ बघताना एक यादी करा. गावात दत्त खरोखर दिसला असं मानणारे किती? भाऊंना सुरुवातीपासून सगळं कळतं आहे. पत्रकाराला बातमी हवी आहे. पोरांना पद हवं आहे. दुकानदारांना गिऱ्हाईक हवं आहे. काही म्हातारी माणसं मनापासून हात जोडतात. आतून हललेला असा एकच माणूस आहे, केश्या. आणि देवळात सर्वांत नकोसा होत जाणारा माणूसही केश्याच. ज्याला देव दिसला त्याचीच देवळाला अडचण होते, कारण तो विचारत राहतो की माझा देव कुठाय. मूर्ती गेल्यावर नवी मूर्ती येते तेव्हा मला तो विनोद वाटत नाही. देऊळ नावाची व्यवस्था श्रद्धेशिवाय चालू शकते, याची ती रीतसर चाचणी आहे आणि देऊळ त्यात पास होतं.

म्हणून ‘श्रद्धा नष्ट होईल का’ या प्रश्नाचे मला दोन तुकडे करावेसे वाटतात. श्रद्धा, म्हणजे काहीतरी खरं आहे असं आतून वाटणं. आणि धर्म, म्हणजे आपण कोण आणि ते कोण हे ठरवणारी व्यवस्था. आपण धरून चालतो की पहिली गेली की दुसरा जाईल. तसं नाही. पहिली निघून गेली तरी दुसरा मजेत राहू शकतो.

आमच्या ऑफिसात दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. कुंकू लावल्यामुळे पुढच्या रिलीजमध्ये बग कमी येतील असं मानणारा एकही जण आमच्या टीममध्ये नाही. पण एखाद्यानं फूल ठेवलं नाही तर सगळ्यांचं लक्ष जातं. हे उदाहरण निरागस आहे आणि मला त्या दिवशीचा फराळही आवडतो. निरागस नसलेलं उदाहरण आकड्यांत आहे.

२०२१ साली प्यू रिसर्च सेंटरनं भारतातल्या धर्मावर मोठा अहवाल काढला. सुमारे तीस हजार लोकांच्या मुलाखती घेतलेल्या. जवळपास सगळे, ९७ टक्के, देव मानणारे. इथपर्यंत आस्तिक मित्र खूश. पण त्यात हिंदूंना आणखी एक प्रश्न होता: एखादी व्यक्ती अमुक गोष्ट करत असेल तर ती हिंदू असू शकते का? देवावर विश्वास नसलेला माणूस हिंदू असू शकत नाही असं म्हणणारे ४९ टक्के निघाले. गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही असं म्हणणारे ७२ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देव न मानणं चालून जाईल असं वाटणारे बरेच आहेत, कुंपण ओलांडणं चालेल असं वाटणारे कमी. केश्यापेक्षा देवळाची भिंत महत्त्वाची, हे इथे टक्केवारीत लिहिलेलं आहे. हे फक्त हिंदूंचं किंवा भारताचं नाही. डेन्मार्कमध्ये देवाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, तरी तिथल्या लोकसंख्येपैकी ७० टक्क्यांच्या आसपास लोक राष्ट्रीय चर्चचे सभासद आहेत आणि त्यासाठी करही भरतात. त्यांच्यासाठी ते डॅनिश असण्याचा भाग आहे.

आपल्याकडे हा विचार मराठी माणसानंच शंभर वर्षांपूर्वी नीट मांडून ठेवला आहे. सावरकरांच्या १९२३ च्या ‘हिंदुत्व’मध्ये हिंदू कोण याची व्याख्या पितृभू आणि पुण्यभू या दोन कल्पनांवर उभी आहे. देव मानलाच पाहिजे अशी अट तिच्यात नाही. तेच सावरकर ‘किर्लोस्कर’मधल्या लेखांत पोथीनिष्ठेवर तुटून पडत होते, गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नाही, असं सांगत होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, आणि त्यांत विसंगती नाही. श्रद्धा वजा करूनही धर्म ओळख म्हणून उभा करता येतो, हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं. तिकडे जिना नमाज-रोज्यांसाठी कधीच प्रसिद्ध नव्हते, तरी धर्माच्या आधारावर देश मागणारे पुढारी तेच ठरले. विसाव्या शतकात धर्माच्या नावानं नकाशे बदलणाऱ्यांत केश्यासारखी माणसं फारशी नव्हती.

मला काळजी वाटते ती याची. नास्तिक मित्राला वाटतं, श्रद्धा कमी झाली की भांडणं कमी होतील. मला उलट भीती आहे. श्रद्धेत निदान एक सैलपणा असतो. दत्ताचीच परंपरा बघा. एकनाथांच्या चरित्रकथांमध्ये दत्त मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशात भेटायला येतात. शिर्डीचे साईबाबा मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हणाले, आणि कितीतरी लोक त्यांना दत्ताचा अवतार मानतात. ज्याला देव भेटायची आस आहे त्याला तो कोणत्या वेशात येईल याची खात्री नसते, म्हणून तो दार थोडं उघडं ठेवतो. ज्याला फक्त ओळख राखायची आहे त्याला वेश आधी तपासावा लागतो.

इथे मला ‘देऊळ’ची दुसरी, जास्त गंभीर उणीव दिसते. सिनेमा बाजाराला ओळखतो, राजकारणाला ओळखतो, पण कुंपणाला ओळखत नाही. मंगरूळमध्ये आडनावांवरून जाती कळतात, तरी देवळात कोण पुढे आणि कोण मागे हा प्रश्न सिनेमाच्या मध्यभागी कधी येत नाही. एवढं मोठं देऊळ उभं राहतं आणि ते कोणाला नकोसं किंवा परकं वाटू शकतं, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे सगळा दोष पैशावर जातो. पैसा वाईट, श्रद्धा चांगली, हॉस्पिटल आणखी चांगलं. आणि मग अण्णांचा सल्ला हाच सिनेमाचा सल्ला होऊन बसतो: श्रद्धा मनात ठेव, गावात आणू नकोस.

हा सल्ला सुशिक्षित मध्यमवर्गाला फार सोयीचा आहे. आम्ही सगळे तसेच वागतो. देव्हारा घरात, मत मनात. पण श्रद्धा मनातच ठेवली असती तर महाराष्ट्रात पुष्कळ गोष्टी घडल्याच नसत्या. १ मे १९४७ ला साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण सुरू केलं. ते नास्तिक नव्हते, त्यांचा विठ्ठल त्यांच्या मनात होताच. त्यांनी तो मनात ठेवला नाही, दारात आणला. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, मंदिर खुलं झालं. बडव्यांना हलवणारी ती ताकद श्रद्धेतूनच आली होती. श्रद्धेचा हा उपयोग अण्णांना सुचत नाही, केश्यालाही नाही. केश्या मूर्ती उचलून पळतो. गावासमोर उभा राहून तो एकदाही म्हणत नाही की हे देऊळ माझ्या देवाचं नाही. सिनेमाला मी गुण कापतो ते इथे. त्यानं श्रद्धेला इतकं भोळं ठेवलं की तिला पळून जाण्याखेरीज काही करता येऊ नये.

मग श्रद्धेशिवायचा धर्म म्हणजे कायम कुंपणच असतं का? नाही. त्याचंही उत्तर महाराष्ट्रात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. एवढा कठोर बुद्धिवादी माणूस ‘आता धर्मच नको’ असं म्हणू शकला असता. ते तसं म्हणाले नाहीत. समाजाला धर्म लागतो, पण त्यात देवाच्या जागी नीती असली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती सविस्तर आहे. मघाशी मी म्हटलेली यादी, जन्म, लग्न, मरण, एकत्र जमणं, ही सगळी कामं कोणाकडे द्यायची याचा त्यांनी विचार केला होता. देवाला निवृत्त करताना त्याची कामं त्यांनी वाऱ्यावर सोडली नाहीत.

म्हणजे देव वजा केल्यावर मागे काय उरतं याची निदान तीन उत्तरं आपल्यासमोर आहेत. मंगरूळमध्ये बाजार उरतो. सावरकरांच्या मांडणीत ओळख उरते. आंबेडकरांच्या मांडणीत माणसानं माणसाशी कसं वागावं हा प्रश्न उरतो. श्रद्धा जाईल की राहील यावर आम्ही मित्र रात्री दोनपर्यंत भांडतो, पण मागे यांतलं काय उरावं यावर कोणी बोलत नाही. ते मात्र आपोआप ठरत नाही. कोणीतरी ते ठरवत असतं, आणि बहुतेक वेळा ते भाऊ असतात.

माझा अंदाज विचाराल तर श्रद्धा कमी होत जाईल. आपल्याकडेही होईल, थोडी उशिरा. माझ्या आजीला देव होता, वडिलांना काचेच्या पेटीपुरता होता, मला दसऱ्याच्या फुलापुरता आहे. ती पूर्ण नाहीशी होईल असं मात्र वाटत नाही, कारण आयसीयूबाहेरच्या खुर्च्या नाहीशा होणार नाहीत. पण देवळं, मिरवणुका, झेंडे, डीजे, कोण कुठे राहतो आणि काय खातो यावरची पाळत, हे सगळं श्रद्धेच्या प्रमाणात कमी होईल या आशेवर कोणी बसू नये. त्यांचा पुरवठा वेगळ्या लाइनवरून होतो.

‘देऊळ’ आल्यावर दोन वर्षांत, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. दाभोलकरांची समिती केश्याशी भांडत नव्हती. तुला दत्त दिसला हे खोटं आहे, असं सांगायला ती मंगरूळला गेली नसती. चमत्काराच्या नावाखाली कोण कोणाला फसवतंय, कोणाचे पैसे जातायत, कोणाला मारहाण होतेय, असे तपासता येणारे प्रश्न ती विचारत होती. मंगरूळमध्ये असा एक माणूस असता तर केश्याला मूर्ती घेऊन रात्री पळावं लागलं नसतं, असं मला सिनेमा बघताना वाटत राहतं. सिनेमात तो नाही. अण्णा फार सभ्य आहेत आणि केश्या फार एकटा.

औदुंबराखाली केश्याला काय दिसलं हे कोणालाच तपासता येणार नाही, आणि तपासायची गरजही नाही. देवळाची जमीन कोणाच्या नावावर झाली, पेटीतले पैसे कुठे गेले, मंजूर झालेलं हॉस्पिटल कोणी थांबवलं आणि दारातून कोणाला परत पाठवलं, हे तपासता येतं. पुढच्या वेळी ग्रुपवर तो वाद पेटला की मी यातलाच एखादा प्रश्न टाकणार आहे.